पणजोबा इटलीत गेले, तिथल्या बिननावाच्या कबरीत ते असतील का? डीएनएने कळेल?

माणदेशी८७:
नमस्कार मंडळी. माझ्या आजीचे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात १९४३ च्या शेवटी इटलीत लढायला गेले ते परत आलेच नाहीत. आजी तेव्हा दीड वर्षाची, वडील तिला आठवतच नाहीत, फोटोही नाही. देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यात एक इटली स्टार मेडल आहे, बस. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत पडलेल्या जवानांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) साइटवर शोधलं तर त्याच नावाचे तिघे निघाले, एक कसिनो मेमोरियलवर, एक सँग्रो रिव्हरला, एक फोर्लीला. यातले आमचे कोण? आणि बिननावाच्या कबरीत असतील तर आजीचं डीएनए मॅच करता येतं का? तिचं वय बघता घाई आहे हो.

रानवाटा:
डीएनएने होतं की. फ्रान्समध्ये फ्रोमेलला १९१६ च्या लढाईतले २५० सैनिक २००९ मध्ये सामूहिक खड्ड्यातून काढले, डीएनए आणि बाकीचे पुरावे जुळवून दीडशेहून जास्त ऑस्ट्रेलियन जवानांना नावं मिळाली.

जुनीकागदपत्रं:
ते नव्याने सापडलेले होते म्हणून. आधीच दफन केलेली कबर निव्वळ ओळख पटवायला कमिशन उकरू देत नाही. तिथे सगळं कागदावर चालतं, मृतदेह नकाशावर कुठे मिळाला, अंगावर कुठल्या पलटणीची बटणं, बूट, बिल्ला होता ते जुन्या रिपोर्टात असतं, आणि त्या दिवशी त्या जागी बेपत्ता झालेला एकच माणूस उरला तरच कबरीवरचा दगड बदलून नाव घालतात. गळ्यातले ओळखीचे बिल्ले फायबरचे, मातीत कुजून जायचे, म्हणून इतके अनामिक.

पण तुमच्या बाबतीत आधी हे बघा, आपल्या हिंदू जवानांना जमेल तिथे अग्नी दिला जायचा, त्यांची नावं क्रिमेशन मेमोरियलवर आहेत, सँग्रो आणि फोर्लीला तशी मेमोरियल आहेत. कसिनोवरचं नाव म्हणजे ठावठिकाणाच नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले आपले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला मोंतोनेला पडले, त्यांचंही नाव कसिनोवरच आहे. त्यामुळे तिघांतले तुमचे कोण हे आधी ठरवा, नावावर जाऊ नका, त्यांचा पलटणीतला नंबर शोधा. मेडलच्या मागची बाजू भिंगाने बघा, आपल्या जवानांच्या मेडलवर बऱ्याचदा नंबर ठोकलेला असतो. आणि रेकॉर्डमध्ये मराठाचं स्पेलिंग जुनं असतं, मधे एक एच जास्त, गावाचं स्पेलिंगही साहेबाने ऐकलं तसं. तेव्हाचे जिल्हेही वेगळे, रायगड म्हणजे कुलाबा, सांगलीची बरीच गावं साताऱ्यात.

खटावकर:
तुम्हाला निदान नाव तरी मिळालं. आमचे खापर पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, गेले. बसरा मेमोरियलवर चाळीस हजारांवर लोकांची नोंद, पण दगडावर गोऱ्यांची नावं आणि आपल्या साध्या जवानांच्या पलटणीपुढे फक्त आकडा, इतके मेले म्हणून. नावं नंतर यादीत आली. हे वाचलं त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

माणदेशी८७:
नंबर मिळाला!! मेडलच्या पाठीवर, अगदी झिजलेला, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसला, शेवटचा आकडा तीन की आठ कळेना म्हणून मुलाने बोटाने चाचपून तीन सांगितलं. सँग्रोवाल्याशी जुळतोय, आणि तिथे वडिलांच्या नावापुढे आमचंच गाव आहे, स्पेलिंग भलतंच पण वाचलं की कळतं. म्हणजे बिननावाची कबर नाहीच, दहन झालं होतं.

आजीला सांगितलं. तिने एकच विचारलं, अग्नी कोणी दिला? मी म्हटलं पलटणीतल्याच कोणीतरी, आपल्याच माणसाने. मग ती बराच वेळ मेडल हातात धरून बसली होती. या पितृपक्षात त्यांची तिथी धरायची म्हणते, आतापर्यंत सर्वपित्रीलाच घालायचो. रेकॉर्डमधल्या तारखेवरून जुन्या पंचांगातली तिथी कशी काढायची कोणाला माहीत आहे का?