मदत हवी आहे: खेळात बंदूकवाले कोणीच घेत नाही!

फासेपटू
तातडीचं आहे. पटावरचा युद्धखेळ बनवतोय, परवा लोकांना दाखवायचाय. धनुर्धारी मिनिटाला १० बाण सोडतो, तोड्याची (जळत्या वातीने बार उडवणारी) बंदूक फार तर २ गोळ्या, नेमही यथातथाच. आकडे मनचे नाहीत, वाचून घेतलेत. चार वेळा खेळून पाहिलं, चारही वेळा बंदुका डब्यातच. मग प्रत्यक्षात धनुष्यं कशी गेली? "बंदूक भारी असते" हे सोडून काहीही सांगा.

बखरवाचक
काळ कुठला, देश कुठला? १४१५ मध्ये फ्रान्समधल्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत इंग्लिश धनुर्धाऱ्यांनी मैदान गाजवलं. त्याच इंग्लंडात १५९५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (राणीच्या सल्लागार मंडळाने) शिबंदीतली धनुष्यं काढून बंदुका द्यायला सांगितलं. मधल्या १८० वर्षांतले तुम्ही नेमके कुठे आहात?

तिरसट
आवाज. घोडे उधळतात. संपला धागा.

नेमबाज
घोडे सरावतात हो. मी हौसेने धनुष्य चालवतो, ४० पौंड ओढीचं. तासाभराने खांदे भरून येतात, बोटं सोलवटतात. १५४५ मध्ये बुडालेलं मेरी रोझ हे इंग्लिश युद्धजहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्यातली बरीच धनुष्यं १०० पौंड ओढीच्या वरची. तो दोर कानापर्यंत ओढणारा गडी पोरवयापासून घडवावा लागतो. बंदूकवाला काही आठवड्यांत उभा राहतो. तुमच्या खेळात सैनिक केवढ्याला पडतो?

फासेपटू
दोघेही ३ नाणी, तयार व्हायला एक डाव. पण मी मारक शक्तीबद्दल विचारतोय, पगाराबद्दल नाही.

बखरवाचक
अहो, तिथेच तर घोडं पेंड खातंय! वीस वर्षांची मेहनत फुकट वाटताय तुम्ही.

मोरपीस
बाणाला पिसं लावताना तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली घ्यावीत. डावी-उजवी मिसळली की बाण डगमगतो.

फासेपटू
मोरपीस, पट पुठ्ठ्याचा आहे.

गणिती
सगळं सरावावर ढकलू नका. कोरियाचे तिरंदाज नावाजलेले, त्यांचा तुटवडाही नव्हता. तरी १५९२ च्या जपानी स्वारीनंतर त्यांनी बंदूकधारी तुकड्या उभ्या केल्याच. जड बाणाची ऊर्जा शंभर-दीडशे ज्यूल, जड बंदुकीच्या गोळीची हजाराच्या वर. चांगल्या पोलादी चिलखतावर बाण घसरतो. खेळात चिलखत आहे का?

फासेपटू
नाही. नियम फार होतात म्हणून काढलं.

गणिती
धन्य! म्हणजे बंदुकीचे हातपाय बांधून तिला आखाड्यात उतरवलीत.

तिरसट
आणि पाऊस? तोडा विझला की बंदुकीची काठी होते.

नेमबाज
धनुष्याचा दोरही भिजून सैल पडतो. शिवाय धनुष्याचं इंजीन म्हणजे माणूस. महिनाभर अर्धपोटी चाललेला, हगवणीने खंगलेला धनुर्धारी दोर अर्धाच ओढतो, बाण पुढ्यात पडतो. बंदुकीच्या दारूला भूक लागत नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण मी धनुष्याच्या बाजूचा!

बखरवाचक
त्यात लाकडाची रड. इंग्लंडला धनुष्यांसाठी यू झाडाचे दांडके बाहेरून आणावे लागत. १४७२ मध्ये कायदाच केला, मालाच्या जहाजांनी ठरावीक दांडके आणलेच पाहिजेत.

रणधीर
जपानमधली नागाशिनोची लढाई, १५७५! तीन रांगा, आळीपाळीने बार. तो नियम घाला.

बखरवाचक
तीन रांगांची गोष्ट नंतरच्या बखरीतली, बऱ्याच अभ्यासकांना ती पटत नाही. बंदुका आणि लाकडी कुंपण मात्र होतं.

रणधीर
खेळात तरी तीन रांगा राहू द्या की.

फासेपटू
काल रात्री बदल केले. धनुर्धारी तयार व्हायला ६ डाव, बंदूकवाल्याला १. चिलखत परत आणलं. उपाशी तुकडीचे बाण निम्मे. पहिल्या दोन लढाया धनुष्याने धुऊन काढल्या. तिसरीला धनुर्धारी उरले चार, नवे यायला अजून पाच डाव, आणि समोर बंदूकवाल्यांची ताजी रांग. डब्यातल्या बंदुका संपल्या, शेवटी बटणं मांडली! आता रडगाणं उलटं आहे: बंदूकवाला म्हणतो, पहिल्या दोन लढाया नुसता मार खातो.

बखरवाचक
मग दोन्ही एकत्र घेऊ द्या. फौजांत धनुष्य-बंदुका कितीतरी वर्षं शेजारी शेजारी होत्या.

फासेपटू
हे चालेल. आभार मंडळी.

तिरसट
आवाजाचं काय केलंत?