पीएस-टूला कुठली वायर घेऊ, एस-व्हिडिओ की कंपोनंट?

माळ्यावरचा_खजिना:
दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर माझा पीएस-टू सापडला, म्हणजे सोनीचा जुना गेम कन्सोल प्लेस्टेशन टू, स्लिमवाला, डिस्क पण वाचतोय, खूप आनंद झालाय! घरी दोन टीव्ही आहेत, एक जुना २१ इंची पिक्चर ट्यूबवाला आणि हॉलमध्ये ३२ इंची एलसीडी, दोघांच्या मागे एस-व्हिडिओ आणि कंपोनंट दोन्ही आहे. सध्या सोबत आलेली पिवळी-पांढरी-लाल वायर लावलीये. जुन्यावर चालून जातं पण एलसीडीवर बारीक अक्षरं वाचताच येत नाहीत आणि लाल रंग कडेने पसरतो. तापकीर गल्लीत एका दुकानात म्हणाले की सगळ्या वायरी सारख्याच, फक्त पिना वेगळ्या. खरंय का हे?

स्कॅनलाइन:
अजिबात खरं नाही. पिवळ्या वायरीत उजेडाची माहिती आणि रंगाची माहिती एकाच तारेतून एकत्र जाते, पाल म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही सिग्नलच्या पद्धतीत रंग ४.४३ मेगाहर्ट्झवर बसवलेला असतो, आणि टीव्हीला ते दोन्ही परत वेगळे करावे लागतात. ते कधीच पूर्ण वेगळे होत नाहीत, म्हणून अक्षरांच्या कडेला ठिपके सरकताना दिसतात आणि लाल फुटतो. एस-व्हिडिओत हे दोन्ही आधीपासूनच वेगवेगळ्या तारांतून येतात. कंपोनंटमध्ये तीन तारा, हिरवीत उजेड आणि निळ्या-लालमध्ये रंगाचा फरक. पीएस-टू, पीएस-थ्रीचं मागचं सॉकेट एकच आहे त्यामुळे पीएस-थ्रीची कंपोनंट वायर मिळाली तरी चालेल. एलसीडीसाठी डोळे झाकून कंपोनंट घे.

आणि एक, वायर बदलायच्या आधी पिवळी लावलेली असतानाच सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कंपोनंट व्हिडिओ आउट हे आरजीबीवरून वाय-पीबी-पीआरवर कर, नाहीतर रंग बिघडतील किंवा चित्र धड उभंच राहणार नाही आणि तुला वाटेल वायरच खराब निघाली.

डबा_टीव्ही:
वरच्याशी सहमत पण जुन्या ट्यूबसाठी माझं मत वेगळं आहे. २१ इंचावर एस-व्हिडिओ आणि कंपोनंटमधला फरक जवळ बसून शोधावा लागतो, पिवळीवरून एस-व्हिडिओवर आलास की मात्र लगेच कळतो, मी स्वतः दोन्ही लावून बघितलंय. आणि पीएस-वनच्या डिस्क खेळणार असशील तर एस-व्हिडिओ जास्त बिनघोर, कारण ते गेम २४० ओळींचं चित्र देतात आणि काही एलसीडी कंपोनंटवरून ते घेतच नाहीत, स्क्रीन कोरी राहते. प्रोग्रेसिव्ह स्कॅन, म्हणजे चित्राच्या सगळ्या ओळी एका दमात काढायची सेटिंग, ट्यूबवर चुकूनही चालू करू नकोस, आपल्या साध्या ट्यूब त्या वेगाला चालत नाहीत. तसंही आपल्याकडच्या पाल डिस्कमधून तो पर्याय बऱ्याचदा काढलेलाच असतो.

सोल्डरवाला:
वायर स्वस्तातली घेऊ नका एवढंच कळकळीने सांगेन. पातळ वायरीत आतल्या तारांना वेगवेगळं शिल्डिंग, म्हणजे सिग्नल अडवणारं धातूचं आवरण, नसतं, मग एकीतलं दुसरीत मिसळतं आणि एस-व्हिडिओवर पण बारीक जाळी दिसते, आवाजात घरघर येते. मी दोन अशा वायरी कापून बघितल्यात, एकीत तर सगळ्या तारा एकाच पिळात होत्या. हातात घेऊन बघ, प्रत्येक तार वेगळी आणि जाडसर असायला हवी.

माळ्यावरचा_खजिना:
सगळ्यांचे मनापासून आभार! काल कंपोनंट आणली, जाड बघूनच घेतली. आधी दोन लाल पिनांमध्ये गोंधळ झाला, आवाजाची लाल चित्राच्या लालमध्ये गेली होती आणि सगळे चेहरे हिरवट निळे दिसत होते, ती अदलाबदल केल्यावर सेटिंग आधीच बदललेलं असल्याने लगेच नीट आलं. ग्रॅन टुरिस्मोच्या मेनूतले आकडे सोफ्यावरून वाचता येतात आता! ट्यूबसाठी एस-व्हिडिओ शोधतोय. एकच शेवटचं, माझी पीएस-वनची टेकन थ्री या एलसीडीवर येईल का?

डबा_टीव्ही:
ते टीव्ही-टीव्हीवर आहे, लावूनच कळेल. नाही आली तर त्या गेमपुरती पिवळी लाव किंवा सरळ ट्यूबवर खेळ, टेकन ट्यूबवरच जास्त छान दिसते आणि बटण दाबल्यावर उशीरही होत नाही.