आर्च मॅनिंग टेक्सासलाच थांबतोय, पण त्याच्या पुढे उभं कोण राहणार? (टेक्सास 2026)

ऑस्टिनचे_अण्णा (डिसेंबर 2025)

टेक्सास विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) आर्च मॅनिंग याच्या वडिलांनीच सांगून टाकलं: पोरगा 2026 ला टेक्सासकडूनच खेळणार, ड्राफ्टला (एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) नाव देणार नाही. माझ्या मते निर्णय शंभर टक्के बरोबर आहे. आता भांडायचं ते पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) कोण आणायचं यावर.

नवीन मंडळींसाठी आधी हिशेब. हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल कुणाला घेत नाही. ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट या नियमाविरुद्ध कोर्टात गेला आणि 2004 मध्ये अपिलात हरला, तेव्हापासून तो दरवाजा बंद. आर्च 2023 ला कॉलेजात आला, म्हणजे 2026 च्या ड्राफ्टला तो पात्र होता. पण पहिल्या वर्षी तो चार सामन्यांच्या मर्यादेत राहिला, त्यामुळे ते वर्ष रेडशर्ट, म्हणजे खेळलेल्या हंगामांत मोजलं जात नाही. पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, त्यामुळे 2026 आहेच, आणि मनात आणलं तर 2027 सुद्धा.

थांबावं का? त्याने सुरुवातीपासून खेळलेले सामने मोजा. 2024 मध्ये तेव्हाचा मुख्य क्वार्टरबॅक क्विन युअर्स जखमी असताना दोन (लुइझियाना मनरो आणि मिसिसिपी स्टेट), यंदा बारा. एकूण 14. मार्क सँचेझ 16 सामन्यांवर एनएफएलला गेला, ट्रुबिस्की 13 वर, अँथनी रिचर्डसन 13 वर. तिघेही पहिल्या पाचात निवडले गेले आणि तिघांनाही घेणाऱ्या संघाने पुढे दुसरा क्वार्टरबॅक शोधला. जेडन डॅनियल्स 55 सामने खेळून गेला, बो निक्स 61.

फोर्थडाऊन_पुणे

अण्णा, सामने मोजून क्वार्टरबॅक कळत असता तर क्विन युअर्स सातव्या फेरीत 231 वा गेला नसता. तीन हंगाम टेक्सासचा नंबर एक होता, दोनदा प्लेऑफ खेळला. जास्त खेळला तसे दोषच जास्त दिसले.

आणि तुम्ही सँचेझचं नाव घेतलंत, जेक लॉकरचं सोयीस्करपणे विसरलात. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक, कोच तेव्हाही हेच आपले टेक्सासचे सार्किसियन. 2010 च्या ड्राफ्टमध्ये तो अगदी वर जाईल असं बोललं जात होतं. तो थांबला आणि 2011 ला आठवा गेला. मधल्या काळात नवख्यांच्या करारांचे नियमच बदलले: 2010 चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याचा करार सहा वर्षांचा, 7 कोटी 80 लाख डॉलरचा, 2011 चा पहिला कॅम न्यूटन याचा चार वर्षांचा, 2 कोटी 20 लाखांचा. मॅट लाइनर्टचंही तेच. हाइझमन (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकून यूएससीत (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) थांबला, पुढच्या वर्षी दहावा.

थांबण्याची किंमत असते एवढंच म्हणतोय. मिसिसिपी स्टेटविरुद्ध आर्चच्या डोक्याला मार बसला आणि ओव्हरटाइममध्ये बाहेर यावं लागलं, हे दीड महिन्यापूर्वीचं आहे. शिवाय 2027 च्या ड्राफ्टला ज्युलियन सेयिन, लॅगवे हे क्वार्टरबॅक, म्हणजे 2024 ला कॉलेजात आलेली बॅचही पात्र होते. रांग लांब होणार.

ऑस्टिनचे_अण्णा

लॉकरचा दाखला चालत नाही. त्याची अचूकता शेवटच्या वर्षीही सुधारली नव्हती, गडी होता तिथेच राहिला. आर्चचा आलेख बघा. सप्टेंबरमध्ये यूटीईपीविरुद्ध 25 थ्रोपैकी 11 पोचले, फक्त 114 यार्ड, त्यात ओळीने दहा थ्रो वाया. नोव्हेंबरात व्हँडरबिल्टविरुद्ध 33 पैकी 25, 328 यार्ड. आर्कान्सासविरुद्ध 389 यार्ड, आणि टचडाऊन (सहा गुणांचा स्कोअर) फेकून, पळून आणि झेलून, तिन्ही तऱ्हांनी. सुरुवातीला पाय जमिनीवर रोवायच्या आत हात फिरत होता. मागच्या पायावर वजन, हात बाजूने, चेंडू रिसीव्हरच्या (झेलणाऱ्याच्या) घोट्याशी. दहा यार्डांचे साधे थ्रो त्यामुळेच चुकत होते. सीझनभरात ते बरंच ताळ्यावर आलं. सुधारणा चालू असताना दुकान बदलू नये.

स्कार्लेट_सातारकर

आर्कान्सास 2–10 (दोन जिंकले, दहा हरले) होता हो अण्णा, एसईसी या तुमच्या गटात एकही सामना जिंकला नाही. त्यांच्यासमोरचे 389 यार्ड दाखवताय, मग जॉर्जियाकडे 35–10 झालं तेही दाखवा. टेक्सास ए अँड एमला हरवलंत, मान्य, पण त्या रात्री आर्च 29 पैकी 14 होता. 35 यार्डांच्या धावेने सामना फिरवला, हाताने नाही.

आमच्याकडे, ओहायो स्टेटच्या कोलंबसला, 30 पैकी 17, 170 यार्ड, 14–7. आमच्या बचावाचा प्रशिक्षक मॅट पॅट्रिशियाने त्या दिवशी काही विशेष ब्लिट्झचा (क्वार्टरबॅकवर जादा गडी धाडण्याचा) मारा केला नव्हता. स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधी दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) खोल उभे करायचे आणि चेंडू हलला की एकाने खाली यायचं. आर्चने आधी वाचलेलं चित्र बदलायचं, तो एक क्षण थांबायचा, तेवढ्यात चेंडू टाकायची फट बंद. हे लाइनचं (क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पाच जणांच्या फळीचं) दुखणं नाही, नजरेचं आहे, आणि त्यावर सामने खेळणं हाच उपाय. म्हणून थांबला ते बरंच. 12 सप्टेंबर 2026 ला आम्हीच ऑस्टिनला येतोय, तेव्हा बघू किती शिकला ते.

फोर्थडाऊन_पुणे

सातारकर, इंडियानाविरुद्ध 13–10 हरल्यावर आठवडाभर गप्प राहायचा नियम करा की तुमच्याकडे. त्यांचा क्वार्टरबॅक मेंडोझा बघा: कॅल (कॅलिफोर्निया विद्यापीठ) सोडून इंडियानाला आला आणि एका हंगामात हाइझमन. त्याने वर्षं मोजली नाहीत, जागा बदलली.

पॉकेटमधला_पक्या

क्वार्टरबॅकवर किती बोलाल! लाइनचं बोला: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. 2024 च्या लाइनमधले पाचपैकी चार जण गेले: केल्विन बँक्स ड्राफ्टमध्ये नववा, कॅमेरॉन विल्यम्स आणि हेडन कॉनर सहाव्या फेरीत, आणि सेंटर जेक मेजर्स. राहिला फक्त डी.जे. कॅम्पबेल. यंदा डावीकडे ट्रेव्हर गूस्बी, उजवीकडे ब्रँडन बेकर. लेफ्ट गार्डला आधी कॉनर स्ट्रो, मग निक ब्रुक्स हा पहिल्या वर्षाचा पोरगा. सेंटर कोल हटसन जखमी, मग कॉनर रॉबर्टसन. फ्लोरिडाला 29–21 हरलो त्या सामन्यात नेमकं काय होत होतं? समोरचे दोघे एकमेकांची जागा बदलून घुसत होते. अशा वेळी गार्डने आपला माणूस टॅकलकडे सोपवून दुसरा घ्यायचा असतो. ब्रुक्स-स्ट्रोच्या जागेवर दोघंही एकाच्याच मागे जायचे आणि दुसरा मोकळा. आर्चच्या थेट तोंडासमोर. कडेने आलेला दबाव क्वार्टरबॅक पुढे सरकून टाळू शकतो. मधून आलेल्याला मागेच पळावं लागतं. मागच्या पायावरचे थ्रो तिथूनच येतात, अण्णा. फूटवर्कची शिकवणी लावून ते जात नाहीत.

म्हणून पोर्टलमधून पहिले दोन खेळाडू मधल्या तीन जागांसाठीच हवेत: एक गार्ड, एक अनुभवी सेंटर. चांगला लेफ्ट टॅकल पोर्टलमध्ये येतच नाही, आला तर किंमत अशी की बाकीचा संघ विकावा लागेल. गार्ड-सेंटर मिळतात. सेंटर निवडताना वजन-उंचीच्या आधी एक बघा: मागच्या कॉलेजात प्रोटेक्शनचे कॉल (कोणी कोणाला अडवायचं) तो द्यायचा की क्वार्टरबॅक? माईक लाइनबॅकर (बचावाच्या मधला गडी) कोण हे बोट दाखवून सांगणारा सेंटर हवा, म्हणजे आर्चचं लक्ष मागच्या सेफ्टींवर राहील. सातारकरांनी सांगितलेलं दुखणं अर्धं तिथेच बरं होतं.

आणि घाई आहे. या वेळी पोर्टलची खिडकी एकच, 2 ते 16 जानेवारी 2026. एप्रिलची खिडकी रद्द झाली. पूर्वी स्प्रिंगच्या (वसंतातल्या) सरावात गार्डचा गुडघा गेला तर एप्रिलमध्ये दुसरा आणता यायचा, आता नाही. स्प्रिंगला 15 सराव मिळतात. पाच जणांची लाइन एकमेकांशी बोलायला शिकते ती तिथेच.

टेक्सन_ताई

पक्या, लाइनचं पटलं, पण अर्धंच. सॅक (क्वार्टरबॅक चेंडूसकट पाडला जाणं) म्हणजे लाइनची चूक हा टीव्हीवरचा समज आहे. चेंडू हातात किती वेळ राहिला ते बघ. रिसीव्हर मोकळा होत नसेल तर क्वार्टरबॅक थांबतो, आणि थांबला की कुठलीही लाइन फुटते. 2024 चा रिसीव्हर मॅथ्यू गोल्डन पहिल्या फेरीत पॅकर्सकडे गेला, टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) गनर हेल्म टायटन्सकडे. त्यांच्या जागी रायन विंगो, पार्कर लिव्हिंगस्टन, डीआंद्रे मूर, स्टॅनफर्डहून आलेला एमेट मोझली. वाईट कोणीच नाही. पण एकट्या कॉर्नरबॅकसमोर (रिसीव्हरवर नेमलेल्या बचावपटूसमोर), बाहेरच्या बाजूला, प्रत्येक वेळी जिंकणारा एकही नाही. तसा एक असला की सेफ्टीला त्याच्या बाजूला झुकावंच लागतं, आणि मग पॅट्रिशियाचं दोन सेफ्टींचं सोंग टिकत नाही. दुखणं एकच आहे, तू ते मधून बरं करतोयस, मी बाहेरून.

शिवाय चेंडू घेऊन पळणं. केंटकीविरुद्ध 16–13, तोही ओव्हरटाइममध्ये, आर्च 27 पैकी 12. त्या सामन्यात पहिल्या डाऊनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला पहिला) दोन यार्ड, दुसऱ्याला एक, आणि मग तिसऱ्या डाऊनला सात-आठ यार्डांसाठी पोराला उभं करायचं. पळणारे विझनर आणि बॅक्स्टर दोघेही प्रामाणिक, पण पाडायला आलेला पहिला गडी चुकवून पाच-सहा यार्ड जास्तीचे काढणारा रनिंग बॅक नाही.

पॉकेटमधला_पक्या

ताई, दाराला कडी नाही आणि तुम्ही झुंबराचा सौदा करताय. पहिलाच गडी लाइनच्या मागेच येऊन पाडत असेल तर कोणीही आणा, तो दोनच यार्ड काढेल.

रोस्टरवाला_राघू

दोघांनी पैशांचं गणित सोडून दिलंय, ते घ्या. जूनमध्ये हाऊस खटल्याची (कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबाबतचा) तडजोड न्यायाधीश विल्कन यांनी मंजूर केली. 2025-26 साठी एका शाळेला (म्हणजे कॉलेजला) खेळाडूंना थेट वाटता येतील असे 2 कोटी 5 लाख डॉलर, आणि ते सगळ्या खेळांना मिळून. बास्केटबॉल, बेसबॉल, मुलींचे संघ त्यातच. मोठ्या शाळांत साधारण तीन चतुर्थांश फुटबॉलला जातात. रोस्टर (संघातली एकूण माणसं) 105 चं. पूर्वी शिष्यवृत्त्या 85 आणि बाकी वॉक-ऑन (शिष्यवृत्तीविना खेळणारे), आता शिष्यवृत्तीवर मर्यादा नाही पण माणसांवर आहे. त्यामुळे सरावात समोरच्या संघाची नक्कल करणारी फळी पातळ झाली. त्याचा फटकाही लाइनलाच बसतो, कारण ऑगस्टमध्ये रोज मारामारी करायला पंधरा-सोळा जाडजूड गडी लागतात.

बाहेरच्या जाहिराती वेगळ्या. 600 डॉलर किंवा त्याहून जास्तीचा प्रत्येक करार 'एनआयएल गो' या नोंदणी यंत्रणेवर नोंदवावा लागतो. धंद्याचं खरं कारण नसेल तर तो अडतो. आर्चचे रेड बुल, उबर, वुओरी हे करार खऱ्या कंपन्यांचे आहेत, ते त्या 2 कोटी 5 लाखांत मोजले जात नाहीत. म्हणजे संघातला सगळ्यात महाग खेळाडू शाळेच्या खिशाला फारसा चावा न घेताही ठेवता येतो. बाकीच्या शाळांना क्वार्टरबॅकवर जे घालवावं लागतं ते टेक्सासला गार्डवरही घालवता येईल आणि रिसीव्हरवरही. तुमचं भांडण निम्मं फुकटचं आहे.

फोर्थडाऊन, तुमच्यासाठीही एक आकडा. पहिल्या क्रमांकाच्या कॅम वॉर्डचा करार चार वर्षं, 4 कोटी 88 लाख डॉलर, सगळे हमीचे. सातव्या फेरीतल्याला बोनसच तेवढा हमीचा, बाकी पगार संघात टिकला तर. मधली दरी एवढी असताना 14 सामन्यांवर जुगार खेळायचा नसतो.

फोर्थडाऊन_पुणे

ठीक, पैशांवर माघार नाही पण थांबतो. मग दुसऱ्या क्वार्टरबॅकचं बोला, त्यावर कोणी बोलत नाही. मिसिसिपी स्टेटला आर्च बाहेर गेल्यावर मॅथ्यू कॉल्डवेल आला आणि पहिल्याच प्लेला मोझलीला टचडाऊन. 45–38. तो एक थ्रो नसता तर 9–3 चं 8–4 झालं असतं. पुढच्या वर्षी डिया बेल येतोय, फ्लोरिडाचा, फार वरच्या दर्जाचा. पण पहिल्या वर्षाच्या पोराला एसईसीत एकदम ढकलू नका. चार सामन्यांपर्यंत खेळवा, त्याचं रेडशर्ट शाबूत राहील. आणि पोर्टलमधून एक अनुभवी बॅकअप घ्या: वीसेक सामने खेळलेला, लहान कॉन्फरन्सचा, आपण दुसरे आहोत हे मान्य असलेला.

ऑस्टिनचे_अण्णा

हे बरोबर. पण त्याआधी गूस्बी. तोही 2023 चाच, म्हणजे ड्राफ्टला पात्र. एनएफएलच्या सल्लागार समितीकडून तीनच उत्तरं येतात: पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा दोन्ही नाही. पहिली आली तर तो जाणार, जावंच.

पॉकेटमधला_पक्या

गेला तर माझी यादीच उलटी होते. मग बेकरला डावीकडे न्यावं लागेल आणि उजवा टॅकल बाजारातून, कारण उजवे टॅकल डाव्यांपेक्षा स्वस्त आणि जास्त. बेकरचे पाय हलके आहेत, जमेल. पण बाजू बदलली की पहिलं पाऊल बदलतं, 15 सरावांत ते बसेलच असं नाही. तेव्हा ताई, मी स्वतःच म्हणेन की रिसीव्हर घ्या आणि तीन पावलांत चेंडू सोडा.

टेक्सन_ताई

म्हणजे गूस्बी राहिला तर गार्ड, गेला तर रिसीव्हर? पक्या, रिसीव्हर 16 तारखेपर्यंत तुझी वाट बघत बसणार नाहीत. चांगले पहिल्या तीन-चार दिवसांत उचलले जातात. आधी तो घ्या.

पॉकेटमधला_पक्या

गार्डही बसत नाहीत हो. दोन्हीचे फोन 2 तारखेलाच लावायला हवेत.