रीमा लागू म्हणजे फक्त ‘सलमानची आई’?

विंगेतला: १८ मे, रीमाताईंचा स्मृतिदिन, आला की तीच पोस्ट फिरते, ‘हिंदी पडद्यावरची सर्वांत गोड आई’. खाली हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस. डोकं उठलं म्हणून लिहितोय. बाईंचा जन्म १९५८चा, ‘मैंने प्यार किया’ १९८९चा. एकतिशीत सलमानच्या आई! तो त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. ‘वास्तव’मधला संजय दत्त तर जेमतेम वर्षभराने. जिने जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ नाटकात नाना पाटेकरसमोर अंबिका उभी केली, तिच्या हातात हिंदीवाल्यांनी पूजेचं ताट दिलं. याला करिअर म्हणायचं की नासाडी?

बोरिवलीची मावशी: नासाडी? बँकेत नोकरी करून नाटकं केली हो त्यांनी. हक्काचे पैसे देणारं काम ज्यांना हलकं वाटतं, त्यांचा हप्ता दुसरं कुणीतरी भरत असतं. आणि ‘वास्तव’ शेवटपर्यंत बघितलाय का? पोटच्या पोराला गोळी घालते ती. ताट कुठे दिसलं तुम्हाला?

गिरगावकर: मूळ दुखणं वेगळंय. मराठी माणूस हिंदीत गेला की घरगडी. ‘हम आपके हैं कौन’मध्ये आपला लक्ष्या कोण? लल्लू! इथे त्याच्या नावावर थिएटरं भरायची आणि तिथे हातात ट्रे. आमचे बाबा मध्यंतरातच उठून आले होते.

विंगेतला: धागा रीमाताईंवर आहे.

गिरगावकर: तेच म्हणतोय. आई काय नि गडी काय, हिरोच्या मागेच उभं राहायचं.

खवचट खान: आणि मराठीने काय दिवे लावले? १९९२ साली ‘एक होता विदूषक’ आला. जब्बार पटेल दिग्दर्शक, पटकथा पुलंची, लक्ष्याने जीव ओतलेला. पडला! लोकांना तो फक्त आचरटपणा करतानाच हवा होता. तुमचे बाबा तो बघायला गेले होते का?

गिरगावकर: बाबांवर जायचं काम नाही.

खवचट खान: आणलं कुणी त्यांना?

गिरगावकर: समोर असतास तर सांगितलं असतं.

बोरिवलीची मावशी: भांडा तुम्ही. ‘तू तू मैं मैं’ मालिकेच्या काळात सासूबाई नि मी दिवसभर अबोला धरायचो, पण ते लागलं की एका सोफ्यावर. रीमाने सुनेला झापलं की सासूबाई पुटपुटायच्या, “बरोब्बर बोलली!” सुप्रियाने उलट उत्तर दिलं की मी मुद्दाम मोठ्याने हसायचे. दोघींना एकदम आपली वाटेल अशी सासू करून दाखवा कुणीतरी. ‘श्रीमान श्रीमती’तली कोकी तर सोडाच, त्या टायमिंगला तोड नव्हती.

विंगेतला: बरं बाई, टीव्हीने न्याय दिला. झालं समाधान? पण तिथेही चाळिशीच्या आत शेवटी सासूच ना!

बोरिवलीची मावशी: ‘सासूच’ म्हणजे काय हो? या एकदा आमच्याकडे आणि सासूबाईंसमोर म्हणून दाखवा.