मदत हवी आहे : शिक्षण परिषदेतील अर्ध्या तासासाठी
यवतमाळ जिल्ह्यातील दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. तिसरीतील एका मुलाला कमी ऐकू येते. श्रवणयंत्र आहे, पण खिडकीचा उजेड माझ्या चेहऱ्यावर पडेल आणि त्याला माझे ओठ नीट दिसतील अशी उभी राहू लागले, तेव्हापासूनच तो तोंडी गणितांना उत्तरे देऊ लागला. तरीही आमच्या केंद्रातील (जवळपासच्या शाळांच्या गटातील) बहुतेक सहकारी ‘अशी मुले विशेष शाळेतच बरी’ असे म्हणतात. दिव्यांग मुलांना इतर मुलांसोबतच शिकवावे असे सांगणारे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६ वाचून दाखवले. माना डोलल्या, मत बदलले नाही. (दोघांकडे चार वर्ग असताना त्यांची धास्तीही अगदीच खोटी नाही.) पुढील शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीत, मला अर्धा तास मिळणार आहे, प्रोजेक्टर नाही, विजेचा भरवसा नाही आणि मुलाची ओळख उघड करायची नाही. शिक्षकांची ही धास्ती कमी करणारी, आपण स्वतः घेऊन पाहिलेली एखादी कृती सुचवाल का?