बी विंगच्या मागचा पक्षी आणि पाईपचं भोक

सावंत बी-३०२: गुड मॉर्निंग. आज पण पहाटे ३:५० ला सुरू झाला तो पक्षी. चौथा दिवस. माझी सेकंड शिफ्ट, घरी येऊन आडवा होईपर्यंत २ वाजतात आणि दोन तासांत हा खिडकीबाहेर शिट्ट्या मारायला हजर. कमिटी काही करणार आहे का, की कबुतरांच्या जाळीसारखं वर्षभर नुसतं बघू बघू?

स्नेहल बी-४०१: आम्हाला तर छान वाटतं हो, अलार्म लावायला लागत नाही 😊

सावंत बी-३०२: वहिनी तुमची बेडरूम रस्त्याच्या बाजूला आहे.

पाटील सेक्रेटरी: सावंत साहेब, मागच्या भिंतीत जुना पाईप काढला त्या भोकात घरटं आहे त्याचं. सोमवारी वॉटरप्रूफिंगवाला येतोय, भोक बुजवून घेतो, विषय संपला. पाऊस यायच्या आत मागची भिंत झाली पाहिजे. मीटिंगमध्ये ठरलंय.

कुलकर्णी काकू ए-१०१: पाटील, थांबा जरा. आत मादी अंड्यांवर बसलीये. मी आठ दिवस गॅलरीतून बघतेय. दयाळाची जोडी आहे ती.

ओंकार बी-५०४: काकू सॉरी, पण दयाळ काळा-पांढरा असतो ना. भोकात जाणारा पक्षी मळकट राखाडी आहे. हा बघा काल काढलेला फोटो. शेपटी ताठ वर आणि शेपटीखाली तांबूस रंग. हा चीरक आहे. म्हणजे गाणारा वेगळा, घरटं भलत्याचंच. भोक बुजवून सावंत काकांचा प्रॉब्लेम सुटणारच नाही.

मोरे काका ए-२०३: चीरक आमच्या सासवडला माळावर लहानपणापासून बघितलाय. दगडावर बसतो, शेपटी वर करतो, बांधाच्या भिंतीत घरटं करतो. मुंबईत सोसायटीत कशाला येईल तो, इथं माणसाला जागा नाही.

सावंत बी-३०२: चीरक असो नाहीतर गरुड असो, मला झोप पाहिजे.

देसाई बी-१०३: विषय निघालाच आहे तर सांगतो, हाच पक्षी माझ्या गाडीच्या आरशावर चोची मारतो आणि दारावर घाण करून ठेवतो. रोज पुसतोय.

मोरे काका ए-२०३: देसाई, ती गाडी माझ्या स्लॉटमध्ये अर्धी असते, ते पण विषय निघालाच आहे तर.

देसाई बी-१०३: काका, हे आपण पर्सनलवर बोलू.

मोरे काका ए-२०३: पर्सनलवर फेब्रुवारीपासून ब्लू टिक आहे.

पाटील सेक्रेटरी: कृपया पार्किंग इथे नको. पाऊस यायच्या आत मागची भिंत झाली पाहिजे. मीटिंगमध्ये ठरलंय.

कुलकर्णी काकू ए-१०१: ओंकार, फोटो मोठा करून बघ बाळा. पंखावर पांढरा लांब पट्टा दिसतोय ना? आणि शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या? ही दयाळाची मादी. नर जिथे काळाभोर तिथे ही राखाडी, बाकी नक्षी तीच, पोटाला पांढरी. चीरकाची मादी सगळी मातकट तपकिरी, पंखावर पट्टा नाही, शेपटीला पांढरं नाही, पोटपण पांढरं नाही. चीरकाच्या नराला खांद्यावर पांढरा डाग असतो, तो उडताना चटकन दिसतो, लोक तिथेच फसतात. शेपटी दोघंही वर करतात, त्याच्यावर जाऊ नकोस. आकार बघ, दयाळ बुलबुलाएवढा, चीरक चिमणीहून जरासा मोठा. आणि तो तांबूस रंग पक्ष्याचा नाहीच, मागे पाईपचा क्लॅम्प राहिलाय त्याचा गंज आहे. माझ्या गॅलरीतून क्लॅम्प सरळ दिसतो.

ओंकार बी-५०४: अरे हो 😳 गंजच आहे. पट्टा पण आहे. काकू बरोबर.

स्नेहल बी-४०१: म्हणजे गाणारा तिचा नवरा?

कुलकर्णी काकू ए-१०१: हो. ती आत बसते, तो टाकीच्या टोकावर बसून हद्द राखतो. देसाई, तुमच्या आरशात त्याला दुसरा नर दिसतो म्हणून भांडतो तो. आरशावर कापडी पिशवी चढवा, थांबेल. आणि सावंत, तुमची झोप मोडते हे मला खरंच कळतंय, मुद्दाम कोणी करत नाहीये. हा मार्चपासून पावसाळ्यापर्यंतच असा गातो, नंतर थंडीत तो फारसा गात नाही.

सावंत बी-३०२: काकू तुमच्याबद्दल आदर आहे पण मागच्या वर्षी ३:५० ला नव्हता गात. साडेपाचला गायचा.

ओंकार बी-५०४: मागच्या वर्षी टाकीजवळ हॅलोजन पण नव्हता.

पाटील सेक्रेटरी: हॅलोजन चोरीच्या वेळी सगळ्यांनी मागितला होता म्हणून लावला. आता कमिटीवर ढकलू नका.

ओंकार बी-५०४: ढकलत नाही काका. रात्रभर उजेड असला की पक्षी लवकर गायला लागतात, बऱ्याच शहरांत असं दिसलंय. त्याला वाटतं उजाडलं. आणि दुसरं, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, त्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्याची अंडी, घरटं यांना धक्का लावणं येतं. सोमवारी भोक बुजवलं तर सही कोणाची?

पाटील सेक्रेटरी: मला कायदा शिकवू नकोस. पाऊस यायच्या आत मागची भिंत झाली पाहिजे. मीटिंगमध्ये ठरलंय. गेल्या जुलैत ३०२ आणि ४०२ च्या भिंतीला बुरशी आली तेव्हा शिव्या मीच खाल्ल्या.

सावंत बी-३०२: ते खरंय. माझं कपाट गेलं त्यात.

कुलकर्णी काकू ए-१०१: पाटील, तुमचं काम अडवायचं नाहीये मला. आज सकाळी ६:४० ला मादी चोचीत हिरवी अळी घेऊन आत गेली, तिच्यामागून नर गेला. म्हणजे पिल्लं निघालीत. साधारण दोन आठवडे, मग भोक रिकामं. तेवढं द्या. पिल्लं आत जिवंत असताना सिमेंट भरलेलं मला बघवणार नाही, स्पष्ट सांगते.

मोरे काका ए-२०३: माझा पाठिंबा.

देसाई बी-१०३: माझापण. पिशवी लावलीये आरशाला. गाडी पण सरळ लावलीये, काका बघून घ्या.

सावंत बी-३०२: हॅलोजन बंद करणार का ते सांगा आधी.

पाटील सेक्रेटरी: वॉचमनला सांगितलंय, ११ नंतर टाकीचा बंद, गेटचा चालू. वॉटरप्रूफिंग जिन्याच्या बाजूने सुरू करायला लावतो, भोकाच्या आजूबाजूचे चार फूट शेवटी. काकू, पिल्लं उडाली की त्याच दिवशी मला फोन करायचा. पाऊस यायच्या आत मागची भिंत झाली पाहिजे.

सावंत बी-३०२ (दुसऱ्या दिवशी सकाळी): आज ४:४५ ला सुरू झाला. बघू उद्या.