कोकणातलं बंद घर, त्याचं कुलूप आणि विमा : तुमचे अनुभव लिहा

खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि मे-गणपती-शिमगा सोडला तर वर्षभर मिटलेली दारं. चोर येण्याआधी गंजच इथलं कुलूप निकामी करतो, आणि विम्याचा दावा करायची वेळ आली की त्याच कुलपाबद्दल प्रश्न विचारले जातात. म्हणून दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत. स्वतः काय केलं आणि त्याचा काय उपयोग झाला, तेवढं सविस्तर लिहा.

मालवणहून
आमचं घर किनाऱ्यालगत. बाहेरच्या दारावर लोखंडी कुलूप एक पावसाळाही धड काढत नाही. मुलामा उडाला की कडी गंजत जाते. आता पितळी कुलूप वापरतो. कोयंडे आणि बिजागऱ्या बदलताना ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील मागून घेतलं. दुकानात सर्रास मिळतं ते ३०४. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. आणि कृपा करून कुलपात खोबरेल घालू नका. ते थंडीत थिजतं, धूळ धरतं आणि आतले भाग चिकटून बसतात. ग्राफाइटची पूड घाला. ती नसेल तर पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दात्यांवर घासा आणि किल्ली चार-पाच वेळा आत-बाहेर करा. कडीला शिवणयंत्राचं तेल चालतं.

गुहागरहून
कुलूप बिघडलं असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा दार फुगलेलं असतं. जुलैत आमचं फणसाचं दार चौकटीत इतकं घट्ट होतं की लॅचची जीभ समोरच्या पट्टीतल्या खाचेत शिरत नाही. मग माणूस जोर लावतो आणि किल्ली आत मोडते. सुतारकाकांना बोलावलं तर त्यांनी भर पावसात रंधा मारायला साफ नकार दिला. "आता तासलंत तर चैतात बोटभर फट पडेल," म्हणाले. त्यांनी पट्टीतली खाच कानशीने जराशी वाढवून दिली. एप्रिलमध्ये दार पुरतं सुकल्यावर वरच्या आणि खालच्या कडांनाही पॉलिश करायला लावलं. या कडा कोणी बघत नाही, पण पाणी तिथूनच मुरतं. तेव्हापासून पावसाळ्यातही किल्ली एका हाताने फिरते.

वेंगुर्ल्याहून
आमी हयच रवतो. वाडीतल्या बंद घरांच्यो चावयो माज्याकडे आसत. दर पंधरा दिसांनी जावन कुलपां उघडतंय, घरात वारो घेतंय, परत लावतंय. मुंबयवाल्यांनो, चावी कोणाकडे दिलास तां कागदार लिवन ठेवा. काय झाला तर पोलीस पयलो माकाच इचारतले.

ठाण्याहून, गाव राजापूर तालुक्यात
वरचं कागदाचं म्हणणं फार महत्त्वाचं आहे. घरफोडीच्या विम्यात सहसा दार-खिडकी जबरदस्तीने उघडल्याच्या खुणा लागतात. आमची तांब्या-पितळेची भांडी गेली, पण कुलूप जागच्या जागी, शाबूत. दुसऱ्या किल्लीने उघडलं असावं. कंपनीने दावा नाकारला. वडिलांना त्या हंड्या-कळशांचं फार वाईट वाटलं, ती आजीच्या लग्नातली होती. नवी पॉलिसी घेताना मी आणखी एक कलम शोधून वाचलं : घर सलग ठरावीक मुदतीहून जास्त बंद राहणार असेल तर कंपनीला आधी कळवावं लागतं. मुदत प्रत्येक पॉलिसीत वेगळी असते. चाकरमान्यांनी तेवढं पान तरी वाचाच. कुलपांचं बिल, दुरुस्तीची पावती, दाराचे फोटो जपून ठेवा. चोरी झालीच तर पंचनामा होईपर्यंत तुटलेलं कुलूप हलवू नका.

श्रीवर्धनहून
३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमचं दार कुलपासकट उभं होतं आणि वरचे पत्रे उडाले होते. अशा वेळी कुलूप काय राखणार? १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आली. तिच्यात आग, वादळ, पूर आहेत, आणि अशा घटनेमुळे त्यानंतरच्या ७ दिवसांत झालेली चोरीही धरली जाते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. आम्ही दोन्ही घेतली.

अलिबागहून
डिजिटल कुलूप बसवणार असाल तर किल्लीची सोय असलेलंच घ्या. दमट हवेत सेल फुटून आत पाझरतात. घर बंद करताना सेल काढून ठेवायचे आणि किल्लीने कुलूप लावायचं, असं आम्ही करतो.

धागाकर्ता
राजापूरच्या दाव्याबद्दल : नकार पटला नसेल तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहणाऱ्यांसाठी पुण्याचं कार्यालय आहे. तुमच्याकडे दुसरी किल्ली कोणाकोणाकडे होती याची नोंद असेल तर तीही अर्जासोबत जोडा.